पॉल लॅम्बर्ट खेळाडू म्हणून मोठा की प्रशिक्षक म्हणून?

तुमचा प्रश्न असा आहे की, ॲस्टन व्हिला या इंग्लिश फुटबॉल क्लबला बुडवणारा मॅनेजर म्हणून ज्याचं नाव ऐकलं, तो स्कॉटलंडचा पॉल लॅम्बर्ट खरंच चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकलाय का, आणि असेल तर त्याला खेळाडू म्हणून मोठा मानायचं की प्रशिक्षक म्हणून.

हो, जिंकलाय. स्पर्धेला चॅम्पियन्स लीग हे नाव मिळाल्यानंतर ती जिंकणारा तो पहिला ब्रिटिश खेळाडू. माझ्या मते खेळाडू म्हणूनच तो मोठा. पण इंग्लंडच्या नॉर्विच क्लबमध्ये त्याने प्रशिक्षक म्हणून जे केलं ते लोक इतक्या सहज विसरतात की वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लॅम्बर्टचा जन्म १९६९ चा. ग्लासगोच्या पश्चिमेला पेस्ली नावाचं गाव आहे, तिथल्या सेंट मिरन क्लबमधून तो पुढे आला. १९८७ मध्ये सेंट मिरनने अंतिम सामन्यात डंडी युनायटेडला जादा वेळेत १-० हरवून स्कॉटिश कप जिंकला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. एवढ्या लवकर पदक मिळालं तरी पुढची काही वर्षं साधीच गेली. १९९३ मध्ये तो मदरवेलला गेला. मदरवेल म्हणजे पोलाद कारखान्यांचं गाव, क्लब लहान, पण संघ जिद्दीचा. १९९४-९५ मध्ये त्यांनी लीगमध्ये दुसरा क्रमांक मिळवला. त्याच हंगामात युएफा कपमध्ये, म्हणजे युरोपातल्या दुसऱ्या दर्जाच्या क्लब स्पर्धेत, त्यांची गाठ जर्मनीच्या बोरुसिया डॉर्टमुंडशी पडली आणि दोन्ही सामने मदरवेल हरलं.

१९९६ च्या उन्हाळ्यात लॅम्बर्टचा करार संपला. युरोपीय न्यायालयाचा बॉस्मन निकाल नुकताच लागला होता, त्यामुळे करार संपलेल्या खेळाडूला युरोपात दुसऱ्या क्लबकडे फुकटात जाता येत होतं. लॅम्बर्ट डॉर्टमुंडला चाचणी द्यायला गेला. विचार करा, हा क्लब तेव्हा सलग दोनदा जर्मनीचा विजेता होता. झामर, म्योलर, कोलर अशी नावं ड्रेसिंग रूममध्ये. तिथे मदरवेलचा एक फुकट मिळालेला खेळाडू, ज्याला जर्मन येत नव्हतं. प्रशिक्षक ओटमार हिट्झफेल्ड यांनी त्याला ठेवून घेतलं, आणि बचावफळीच्या पुढे उभं राहून समोरच्याचा खेळ मोडायचं काम दिलं. स्कॉटलंडमध्ये तो यापेक्षा बराच पुढे खेळायचा. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याने जवळपास नवीन धंदा शिकून घेतला म्हणा ना.

त्या हंगामात चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत डॉर्टमुंडने मँचेस्टर युनायटेडला दोन्ही सामन्यांत १-० हरवलं. अंतिम सामना २८ मे १९९७ ला म्युनिकच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर, समोर गतविजेता इटलीचा युव्हेंटस. डॉर्टमुंडच्या अकरा जणांत रॉयटर, कोलर, म्योलर आणि पाउलो सोसा असे चौघे युव्हेंटसमधूनच आलेले, त्यांना तो क्लब आतून माहीत होता. आणि युव्हेंटसच्या झिनेदिन झिदानला रोखायचं काम मात्र मदरवेलहून आलेल्या माणसावर.

हा सामना पूर्ण मिळाला तर जरूर पूर्ण बघा. नुसत्या गोलांच्या क्लिपा बघून लॅम्बर्ट कळणार नाही. चेंडू दुसऱ्या बाजूला असताना तो कुठे उभा आहे ते बघा. झिदानला पाय लावून पाडायच्या भानगडीत तो फारसा पडत नाही. झिदान वळून गोलकडे तोंड करेल ती जागा तो आधीच धरून ठेवतो, त्यामुळे झिदानला चेंडू मिळतो तो पाठमोरा असताना, आणि मग तो मागे किंवा बाजूला द्यावा लागतो. दहा-पंधरा मिनिटं असं चाललं की मोठा खेळाडूही चेंडू मागायला लांब खाली उतरतो, म्हणजे गोलपासून दूर जातो. बचावाचं यश ते हेच. गुणफलकावर त्याची नोंद होत नाही.

पण एक नोंद झालीच. २९ व्या मिनिटाला उजवीकडून लॅम्बर्टने क्रॉस टाकला, तो दूरच्या खांबाजवळ कार्ल-हाइन्झ रीडलेने छातीवर घेतला आणि जाळ्यात मारला. पाच मिनिटांनी कॉर्नरवर रीडलेचंच हेडर, २-०. उत्तरार्धात युव्हेंटसच्या देल पिएरोने टाचेने सुंदर गोल करून जीव टांगणीला लावला, आणि मग मैदानात येऊन काही सेकंदच झालेल्या लार्स रिकेनने पहिल्याच स्पर्शात गोलरक्षक पेरुझीच्या डोक्यावरून चेंडू टाकला. ३-१.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये घरच्या कारणांमुळे तो स्कॉटलंडला परतला आणि सेल्टिकमध्ये दाखल झाला. ग्लासगोतल्याच प्रतिस्पर्धी रेंजर्सने तेव्हा सलग नऊ वेळा लीग जिंकली होती आणि दहावी जिंकली असती तर सेल्टिकचा विक्रम मोडला असता. ग्लासगोत हा प्रश्न घराघरातला होता. २ जानेवारी १९९८ ला रेंजर्सविरुद्ध लॅम्बर्टने लांबून मारलेल्या गोलाची आठवण सेल्टिकचे लोक आजही काढतात. सेल्टिकने तो सामना २-० जिंकला आणि मे महिन्यात लीगही. पुढे मार्टिन ओनीलच्या हाताखाली २०००-०१ मध्ये देशातल्या तिन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, आणि २००३ मध्ये सेव्हियात युएफा कपच्या अंतिम सामन्यात मोरीन्योच्या पोर्तोकडून ३-२ अशी जादा वेळेतली हार पत्करली. स्कॉटलंडकडून तो ४० सामने खेळला. १९९८ च्या विश्वचषकात ब्राझीलविरुद्धच्या उद्घाटनाच्या सामन्यातही होता.

आता प्रशिक्षकपद. त्याने याचं शिक्षण मुद्दाम जर्मनीत जाऊन घेतलं. सुरुवात मात्र वाईट झाली; स्कॉटलंडच्या लिव्हिंगस्टन क्लबमध्ये एक हंगामही पुरा न करता त्याने राजीनामा दिला. मग इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीतल्या विकम वाँडरर्सला त्याने २००७ मध्ये लीग कपच्या उपांत्य फेरीत नेलं आणि घरच्या मैदानावर चेल्सीला १-१ रोखलं. परतीच्या सामन्यात ४-० ने हरले, तो भाग वेगळा.

८ ऑगस्ट २००९ ला तो कोलचेस्टरचा मॅनेजर म्हणून नॉर्विचच्या मैदानावर उतरला. नॉर्विच नुकतंच तिसऱ्या श्रेणीत घसरलेलं, हंगामाचा पहिला दिवस, स्टेडियम भरलेलं. मध्यंतराला पाहुणे ५-० ने पुढे! शेवट ७-१. नॉर्विचचा घरच्या मैदानावरचा इतिहासातला सर्वांत मोठा पराभव. चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानात शिरून आपले हंगामाचे पास फेकले. आठवडा उलटायच्या आत नॉर्विचने आपल्या मॅनेजरला काढलं, आणि ज्याने सात गोल घातले त्यालाच आणलं.

पुढचा हिशेब असा: २००९-१० मध्ये ९५ गुणांसह तिसऱ्या श्रेणीचं विजेतेपद, लगेच पुढच्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत दुसरा क्रमांक आणि बढती, आणि २०११-१२ मध्ये प्रीमियर लीगमध्ये बारावा क्रमांक. तेही कोणत्या खेळाडूंच्या जोरावर? ग्रँट होल्ट काही वर्षांपूर्वी चौथ्या श्रेणीत श्रूजबरीकडून खेळत होता, त्याने प्रीमियर लीगमध्ये १५ गोल केले. पिल्किंग्टन हडर्सफील्डहून, मॉरिसन मिलवॉलहून. ज्यांना वरच्या क्लबांनी कधी विचारलं नव्हतं अशा माणसांवर लॅम्बर्टने भरवसा टाकला. स्वतः मदरवेलहून डॉर्टमुंडला गेलेल्या माणसाला अशा खेळाडूची भूक ओळखता येत असणार, असं मला ठामपणे वाटतं. डावपेचही लवचीक होते. मधली फळी हिऱ्याच्या आकारात, टोकाला छोटा चपळ वेस हुलहन, आणि सामना हातून जातोय असं दिसलं की उशीर न करता बदल. शेवटच्या दहा मिनिटांत नॉर्विचचे किती गोल व्हायचे ते बघा म्हणजे कळेल.

व्हिलाबद्दल एक दुरुस्ती करतो. त्याच्या काळात व्हिला प्रीमियर लीगमधून बाहेर पडला नाही, ते २०१६ मध्ये झालं, तो गेल्यानंतर वर्षभराने. तिथे त्याला खर्च कमी करून तरुण संघ बांधायचा होता. बेल्जियमच्या गेंकहून त्याने बेन्टेकेला आणलं आणि त्या मुलाने पहिल्याच हंगामात लीगमध्ये १९ गोल केले. पण चेल्सीकडून ८-० आणि चौथ्या श्रेणीतल्या ब्रॅडफर्डकडून लीग कपच्या उपांत्य फेरीतली हार, ही दोन्ही त्याच हंगामातली. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याला काढलं तेव्हा २५ लीग सामन्यांत संघाचे गोल होते फक्त १२. याचं समर्थन मी करणार नाही. खेळ खरोखर बघवत नव्हता.

त्यानंतर ब्लॅकबर्न, वुल्व्ह्ज, स्टोक असे छोटे छोटे मुक्काम झाले. वुल्व्ह्जने त्याच्या हाताखाली एफए कपमध्ये लिव्हरपूलला त्यांच्याच ॲनफिल्ड मैदानावर २-१ हरवलं, एवढं लक्षात ठेवण्यासारखं. नॉर्विचमध्ये त्याच्या बाजूला बसणारा सहायक इयन कल्व्हरहाउस यांच्याशी साथ व्हिलात असतानाच सुटली होती. मला त्याच्या उतरणीचं ते एक मोठं कारण वाटतं, कारण त्यानंतर त्याच्या संघांत ती शिस्त आणि ती धिटाई एकत्र दिसली नाही.

शेवटी २०१८ मध्ये तो गेला इप्सविचला, नॉर्विचच्या हाडवैऱ्याकडे. नॉर्विचचा मॅनेजर असताना एकाच हंगामात त्याने याच इप्सविचला ४-१ आणि ५-१ धुतलं होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो इप्सविचकडून नॉर्विचच्या मैदानावर आला, वादावादीत त्याला लाल कार्ड मिळालं आणि संघ ३-० ने हरला. त्या हंगामात इप्सविच सहा दशकांनंतर पहिल्यांदा तिसऱ्या श्रेणीत घसरलं, आणि २०२१ मध्ये त्याने तोही क्लब सोडला.