निसर्ग शिबिरासाठी राखीव निधी मोडावा का?

प्रश्न : आमच्या १३ वर्षांच्या मुलीला सुट्टीत १४ दिवसांच्या निवासी निसर्ग शिबिराला जायचं आहे. सात दिवसांचीही एक तुकडी आहे, पण तिला मोठंच हवंय. या महिन्यात पूर्ण फी भरली तर १० टक्के सवलत आहे, मात्र ते पैसे परत मिळत नाहीत. नाहीतर २० टक्के अनामत भरून जागा धरायची आणि बाकीची फी शिबिराच्या १५ दिवस आधी द्यायची. सहा हप्त्यांचीही सोय आहे. शिबिराला तीन महिने आहेत. यजमानांचं नोकरीचं कंत्राट दोन महिन्यांनी संपतंय, पण वाढवून मिळेल असं वाटतं. राखीव निधी मोडून सवलत घ्यावी का? प्रमाणपत्र पुढे प्रवेशासाठी उपयोगी पडेल, म्हणजे ही गुंतवणूकच झाली ना?

उत्तर : मुलीला जरूर पाठवा, पण सात दिवसांच्या तुकडीला. राखीव निधीला हात लावू नका आणि सवलतीचा मोह सोडा.

तुम्ही कळवलेले आकडे मी प्रमाणात मांडते. महिन्याचा घरखर्च १०० धरला, तर १४ दिवसांची फी ६० होते. प्रवास, बूट, सॅक, पावसाळी जॅकेट आणि वैद्यकीय तपासणी धरली की खर्च ७८ वर जातो. सहलीसाठी वेगळी ठेवलेली तुमची आवर्ती ठेव ४० ची आहे आणि दरमहा १५ शिल्लक पडतात. पगाराची खात्री फक्त दोन महिन्यांची, म्हणजे फार तर ७० जमतील. उरलेले ८ राखीव निधीतूनच काढावे लागतील. तो निधी ३५० आहे, म्हणजे साडेतीन महिन्यांचा खर्च. तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा असं आम्ही सल्लागार सांगतो, पण ज्या घरात कंत्राट संपत आलंय त्या घराने सहाकडे बघायचं असतं. ज्या दिवसासाठी हा निधी साठवलात, तो दिवस दोन महिन्यांवर आला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी तो कमी करायचा नाही.

आता सवलत. आत्ता भरलेत तर ५४ जातील, आणि काही बिनसलं तर ते सगळे बुडतील. अनामत भरलीत तर बिनसल्यावर १२ बुडतील, सुरळीत झालं तर ६० जातील. हिशेब केला तर जाणं रद्द होण्याची शक्यता आठात एकपेक्षा जास्त असेल, तर सवलत महागच पडते. कंत्राट वाढेल असं तुम्हाला ‘वाटतं’, पण कागद अजून हातात नाही. शिवाय मुलीचं आजारपण, घरातली एखादी अडचण आहेच. अनामतीचा खरा फायदा असा की बाकीची फी भरायच्या आधी कंत्राटाचं काय झालं ते तुम्हाला कळलेलं असेल.

हप्ते तर नकोतच. ६० च्या फीसाठी १०.५ चे सहा हप्ते म्हणजे एकूण ६३. वरवर पाच टक्के वाटतात, पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, त्यामुळे वार्षिक व्याजाचा दर १७ टक्क्यांच्या आसपास पडतो. आणि यातले काही हप्ते कंत्राट संपल्यानंतरचे आहेत.

सात दिवसांच्या तुकडीची फी ३४ आहे. दिवसाचा दर काढलात तर ही तुकडी महाग दिसेल, पण आत्ता तुमच्यासाठी एकूण रक्कम महत्त्वाची आहे. वरचा खर्च १२ धरून ४६ होतात, म्हणजे आवर्ती ठेव आणि एका महिन्याच्या शिल्लकीतला थोडा भाग. रद्द झालं तर नुकसान साधारण ७. सॅक आणि जॅकेट कुणाकडून मागून आणा, खर्च आणखी उतरेल. बूट मात्र तिच्या मापाचेच आणि आधी घरी वापरून सैल केलेले हवेत. तिथे काटकसर करू नका.

सात दिवस थोडे वाटत असतील तर एक गोष्ट सांगते. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर ज्या शिबिरात स्काउटिंगचा पहिला प्रयोग केला, ते आठच दिवसांचं होतं. सुमारे २० मुलगे होते आणि फी ऐपतीप्रमाणे वेगवेगळी घेतली होती. त्यामुळे आयोजकांकडे फीत सवलत किंवा शिष्यवृत्ती आहे का, हे विचारताना संकोच बाळगू नका. न विचारल्यामुळे अशा जागा रिकाम्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गुंतवणुकीबद्दल स्पष्टच सांगते : हा खर्च आहे, आणि चांगला खर्च आहे. प्रमाणपत्राची किंमत हिशेबात शून्य धरा. आई-बाबांशिवाय अंधारात तंबूत झोपणं, एकाच झाडाखाली तासभर शांत बसून तिथे काय काय येतं-जातं ते वहीत टिपणं, भांडण झालेल्या मैत्रिणीबरोबरच दुसऱ्या दिवशी चालणं, यासाठी पैसे द्यायचे. एवढ्यावर हा खर्च पटत असेल तरच करा.

पण रोजच्या मोकळ्या हवेची भरपाई शिबिराने होत नाही. चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर नेलं, तेव्हा तीन वर्षांत त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली. बाकीच्या मुलांत ते प्रमाण ३९.५ टक्के होतं. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. फायदा रोजच्या ४० मिनिटांचा होता, आणि त्याला फी लागत नाही. तुमचा धाकटा त्याच वयाचा आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

अनामत भरण्याआधी आयोजकांकडून काही गोष्टी लेखी घ्या. किती मुलांमागे एक मार्गदर्शक? निवासी शिबिरात ९ ते १४ वयोगटासाठी आठ मुलांमागे एक, हा अमेरिकन कॅम्प असोसिएशनचा निकष आहे. प्रमाण त्याहून फार सैल असेल तर फी कितीही कमी असो, नको म्हणा. दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणी घेतलंय? त्याचा प्राथमिक अभ्यासक्रमसुद्धा साधारण १६ तासांचा असतो. हवामानामुळे आयोजकांनीच शिबिर रद्द केलं तर अनामत परत मिळते का? अपघात विमा फीत धरलाय का? चांगल्या शिबिराच्या फीतला मोठा भाग माणसांवर खर्च होतो. माहितीपत्रकात तंबूंचे फोटो भरपूर आणि मार्गदर्शकांची नावं कुठेच नाहीत, अशा ठिकाणी अनामतही भरू नका.

हे आकडे मुलीलाही दाखवा. तेरा वर्षांच्या मुलीला ४६ आणि ७८ मधला फरक समजतो, आणि बाबांच्या नोकरीबद्दल तिने घरात काहीतरी ऐकलेलंच असणार. कंत्राट वाढलं तर त्या महिन्यापासून दरमहा ७ तिच्या नावाने वेगळे ठेवा. पुढच्या वर्षीच्या १४ दिवसांची रक्कम अकरा-बारा महिन्यांत जमेल.