एडमंटनला येताय, पिकअप घ्यावी का?

दोन ओळींत विचारलंत तुम्ही: सप्टेंबरात नोकरीसाठी कॅनडात एडमंटनला येतोय, बायको आणि दहा वर्षांचा मुलगा सोबत आहे, तिकडे सगळे पिकअप चालवतात म्हणे, फोर्डची एफ-१५० घेऊ का, ॲव्हरेज किती देते? वाचून आधी हसू आलं, मग रात्री झोप लागेना.

व्हिसा, पीआर (कायम राहण्याचा परवाना) वगैरे सरकारी साइटवर आहे, ते सोडतो.

माझी पिकअप पाच लिटर इंजिनची व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरची, फोर बाय फोर. इथे हिशेब उलटा असतो, १०० किलोमीटरला किती लिटर. १०० ला त्या आकड्याने भागलं की आपलं ॲव्हरेज निघतं. उन्हाळ्यात कॅल्गरीचा ३०० किलोमीटरचा सरळसोट रस्ता, वेग ११०: मला ११ लिटर लागतात, म्हणजे लिटरला ९. गावात १५ लिटर, म्हणजे साडेसहा. जानेवारीत उणे तीसमध्ये घर-शाळा-ऑफिस असे तुकडे केले की सरळ २०, म्हणजे लिटरला ५. इंजिन तापेपर्यंत उतरायची वेळ येते, टायरची हवा बसते, आणि काचेवरचा बर्फ सुटेपर्यंत गाडी जागीच उभी राहून पेट्रोल पिते. पुढून लोंबणारी वायर दिसेल, ती ब्लॉक हीटरची, थंडीत इंजिन विजेवर गरम ठेवायला. ती रात्रभर लावू नका, टायमरवर निघायच्या आधी तीन तास पुरे. मागचा हौदा रिकामा असला की मागची चाकं बर्फावर घसरतात, म्हणून मी त्यात वाळूच्या गोण्या टाकतो. म्हणजे वजन वाढवायला पेट्रोल जाळायचं!

हे सगळं माझ्याकडे वहीत लिहिलेलं आहे, कारण बाबा एसटीत ड्रायव्हर होते. डेपोच्या फळ्यावर कुणाचा केपीटीएल किती ते लागायचं, दहा लिटरला किती किलोमीटर. बाबांचं नाव वर असायचं. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न: "किती देते?" एका जानेवारीत म्हणालो, तुमच्या हिशेबाने ५०. ते म्हणाले, "आमचा लाल डबा तेवढाच द्यायचा की. चव्वेचाळीस सीट होत्या. तुझ्यात किती बसतात?"

मी म्हणालो, नेटवर्क जातंय.

खरं कारण सांगतो. गाडी मी मुलासाठी घेतली. तो इंग्रजी माध्यमात चौथी करून आला होता, तरी इथल्या शाळेने इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटात टाकला, का तर उच्चार. वर्षभर चित्रं दाखवून त्याला 'सफरचंद' विचारत होते. मी एकदाच भेटलो, बाई गोड हसल्या, मीही हसून परत आलो. भांडायला हवं होतं. तुम्ही भांडा, पहिल्याच आठवड्यात, जुन्या शाळेचे पेपर आणि वह्या घेऊन जा. त्याच्या वर्गातली पोरं पिकअपमधून उतरायची आणि आम्ही जुन्या करोलामधून. मला वाटलं, निदान एवढं तरी जमेल. आता तो आजोबांशी इंग्रजीत बोलतो, तेही थोडंच.

लायसन्स किती सालापासून आहे याचा इंग्रजी दाखला निघण्याआधीच घ्या, शिक्का ठळक बघून. माझा मराठीत आला, शिक्का पुसट. भाषांतर, पुन्हा कुरिअर, चार महिने. एवढं करून माझ्या विमावाल्यांनी चौदा वर्षांचा अनुभव शून्य धरला. पिकअपच्या हप्त्याइतकाच विमा भरत होतो मी.

एकटेपणाचं लोक फार बोलतात. कामाला लागलं की जातो.

तर, घ्यावी का? ट्रेलर ओढायचा नसेल तर नको. जवळजवळ सहा मीटर लांब गाडी, तळघरातल्या पार्किंगमध्ये वळताना घाम फुटतो. वहीत सामानाच्याही नोंदी आहेत. सहा वर्षांत हौद्यात खरोखर काही नेलं ते अकरा वेळा, त्यातले चार गणपती.

तारीख कळवा. विमानतळ शहराबाहेर आहे, टॅक्सी करू नका, मी येतो. बॅगा कितीही आणा.