गेम बंद पडला तर माझे काय?

गेम बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांतील मंडळी हल्ली समुपदेशनासाठी बऱ्याच संख्येने येतात आणि शब्द वेगळे असले तरी त्यांची काळजी बहुतेक वेळा एकच असते: एवढ्या नावाजलेल्या कंपनीत राहूनही आपला पगार इतर सॉफ्टवेअर कंपन्यांतल्या बरोबरीच्या माणसापेक्षा कमी आहे, आणि ज्या ऑनलाईन गेमवर आपण राबतो तो आणखी किती वर्षे चालेल याचा भरवसा नाही; मग इथे थांबावे की वेळीच निघावे? ज्यांची हकीकत इथे सांगत आहे, ते अशाच एका कंपनीत ऑनलाईन गेमच्या सर्व्हरचे काम पाहतात. त्यांच्या संमतीने लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीत ते सगळा वेळ पगाराविषयी बोलत होते. मी झोपेची चौकशी केली तेव्हा वेगळीच गोष्ट समोर आली. रोज रात्री अंथरुणावर पडल्यावर ते फोनवर एक आलेख उघडत. त्या घडीला किती जण गेम खेळत आहेत, याचा तो आलेख. आठवड्याच्या मधल्या दिवसांत हा आकडा उतरतो, सुट्टीच्या दिवशी चढतो, नवा सीझन, म्हणजे गेममधला नवा टप्पा, आला की उसळतो आणि काही आठवड्यांत ओसरतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही मंगळवारी रात्री उतरलेली रेघ दिसली की त्यांच्या छातीत धडधड सुरू होई, मग नोकऱ्यांच्या जाहिराती उघडल्या जात, इतरांचे पगार आणि आपला पगार यांची तुलना सुरू होई आणि पहाट व्हायला येई.

ही भीती निराधार नव्हती, आणि तसे भासवण्याचा प्रयत्नही मी केला नाही. सप्टेंबर 2023 मध्ये एपिक गेम्सने सुमारे 830 जणांना कमी केले. जानेवारी 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या गेम विभागातून 1,900 आणि रायट गेम्समधून सुमारे 530 जण गेले. त्यानंतरच्याच महिन्यात सोनीने प्लेस्टेशन विभागात सुमारे 900 जणांची कपात जाहीर केली. त्याच वर्षी सोनीचा 'कॉनकॉर्ड' हा ऑनलाईन गेम 23 ऑगस्टला बाजारात आला, 6 सप्टेंबरला बंद झाला आणि ग्राहकांना पैसे परत करावे लागले; पुढे तो बनवणारा स्टुडिओही बंद झाला. हे सारे त्यांना तोंडपाठ होते. अशा माणसाला 'सकारात्मक विचार करा' असे सांगणे मला त्याच्या बुद्धीचा अपमान वाटतो.

अडचण अशी होती, की तीन वेगवेगळ्या गोष्टींचे आयुष्य त्यांनी एकाच गाठीत बांधले होते: गेमचे, नोकरीचे आणि स्वतःच्या कौशल्याचे. ती गाठ सोडवण्यासाठी आम्ही आधी गेमकडे पाहिले. 1999 चा 'एव्हरक्वेस्ट' अजून चालू आहे, 2003 चा 'ईव्ह ऑनलाईन' आणि 2004 चा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' चालू आहे, 2009 च्या 'लीग ऑफ लेजंड्स'चे तर आजही नाव आहे. 'फायनल फँटसी 14' 2010 मध्ये आला तेव्हा पार फसला होता. कंपनीने तो जवळजवळ नव्याने बांधला आणि 2013 मध्ये पुन्हा आणला, तो टिकला. उलट 2014 च्या 'द क्रू'चे सर्व्हर मार्च 2024 मध्ये बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला गेम ग्राहकाच्या हाती निरुपयोगी होऊन राहिला. त्यावरून युरोपात मोठी मोहीम उभी राहिली. ही यादी लिहून झाल्यावर ते स्वतःच म्हणाले, "म्हणजे रुळलेले ऑनलाईन गेम सहसा मरत नाहीत, नव्यांना जागा मिळत नाही." माझ्या मते हे निदान अचूक आहे. खेळणाऱ्याचे मित्र, त्याने विकत घेतलेल्या वस्तू आणि त्याने घातलेली वर्षे जुन्या गेममध्ये अडकलेली असतात, आणि नव्या गेमला या साऱ्याशी स्पर्धा करावी लागते. म्हणून सर्वांत मोठा धोका नव्या, अजून प्रकाशित न झालेल्या किंवा नुकत्याच आलेल्या गेमवर काम करणाऱ्याला असतो. हे गृहस्थ ज्या गेमवर होते, तो बरीच वर्षे चांगला रुळलेला होता.

त्यांना हायसे वाटले, पण तिथेच थांबणे प्रामाणिकपणाचे झाले नसते, कारण गेम चालतो म्हणून नोकरी टिकते असे नाही. रायटने माणसे कमी केली तेव्हा तिचा मुख्य गेम जोरात होता. ॲक्टिव्हिजन ब्लिझर्डने तर फेब्रुवारी 2019 मध्ये आदल्या वर्षीचे विक्रमी उत्पन्न आणि सुमारे आठ टक्के कर्मचाऱ्यांची कपात एकाच वेळी जाहीर केली होती. महासाथीच्या काळात केलेली भरमसाट भरती, 2022 पासून महागलेले कर्ज, कंपन्यांचे विलीनीकरण, अर्ध्यावर सोडलेले प्रकल्प, अशी कपातीची कारणे असतात, आणि यांपैकी एकही कारण खेळणाऱ्यांच्या आकड्यात दिसत नाही. थोडक्यात, नोकरीची जी बातमी ते रोज रात्री त्या आलेखात शोधत होते, ती तिथे छापलेलीच नव्हती. हे त्यांना पटले. तरी आलेख पाहणे सुटेना. तेव्हा मला वाटले, की या आकड्याशी त्यांचे आणखी काहीतरी जोडलेले असणार.

ते पगाराच्या हिशेबात सापडले. मी त्यांना नियुक्तिपत्र आणि पगारपत्रके आणायला सांगितली आणि आम्ही मिळकतीचे तीन भाग कागदावर मांडले: मूळ पगार, वार्षिक बोनस आणि कंपनीचे शेअर्स. शेअर्स चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हाती येणार होते आणि मधे नोकरी सोडली तर उरलेले बुडणार होते. बोनसच्या कलमात शेवटी बारीक अक्षरांत एक वाक्य होते, की रक्कम गेमच्या उत्पन्नावर अवलंबून राहील आणि ती द्यायची की नाही हे कंपनी ठरवील. ते वाक्य त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचले. आणि घराच्या कर्जाचा वर्षातला मोठा वाटा ते त्याच बोनसमधून फेडत होते. आलेखाची रेघ उतरली की धडधड का होते, याचे उत्तर मिळाले: नोकरीची नसली तरी बोनसची थोडीफार बातमी त्या रेघेत खरोखरच होती.

पगाराविषयीचा त्यांचा राग मात्र निराळा होता आणि त्याला इतिहास आहे. या उद्योगात यायला धडपडणारे पुष्कळ असतात, आणि आवडीपोटी माणूस कमी पैशांत तयार होतो हे कंपन्यांना पक्के माहीत असते. 2004 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीतील एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने नाव न देता लिहिलेल्या पत्रातून बिनमोबदला जादा कामाचा प्रश्न चव्हाट्यावर आला. त्या काळातले दोन दावे मिटवताना कंपनीला चित्रकारांसाठी 1 कोटी 56 लाख आणि प्रोग्रामरांसाठी 1 कोटी 49 लाख डॉलर मोजावे लागले. 2020 मध्ये ब्लिझर्डच्या कर्मचाऱ्यांनी नावे न घालता आपापले पगार एका तक्त्यात भरले आणि तुटपुंजी पगारवाढ सर्वांसमोर आली; त्याच वर्षी मूळ कंपनीच्या प्रमुखाचा एकूण मोबदला 15 कोटी डॉलरहून अधिक होता. हा शेवटचा आकडा त्यांच्या बोलण्यात वारंवार येई. त्यांचा राग रास्त आहे असे मी मानते. पण प्रमुखाच्या मोबदल्याचा दाखला देऊन अप्रायझलमध्ये कोणाला पगारवाढ मिळाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

पगार वाढतो तो माणसे टिकवणे कंपनीला अवघड झाले की. 2021 मध्ये दक्षिण कोरियात गेम कंपन्यांची माणसांसाठी चढाओढ लागली तेव्हा क्राफ्टनने आपल्या डेव्हलपरांचा वार्षिक पगार सरसकट 2 कोटी वॉनने वाढवला. जपानमध्ये कॅपकॉम या गेम कंपनीने 2022 मध्ये मूळ वेतनात सरासरी 30 टक्के, तर निन्टेन्डोने 2023 मध्ये 10 टक्के वाढ केली. म्हणून मी त्यांना विचारले, "उद्या तुम्ही गेलात तर तुमच्या जागी माणूस तयार करायला कंपनीला किती काळ लागेल?" ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग कामे सांगू लागले: लाखो जण एकदम आत आले तरी सर्व्हर कोसळू न देणे, बरोबरीच्या खेळाडूंच्या जोड्या लावणे, दूरदूरच्या यंत्रांवर एकच क्षण एकसारखा दिसेल असे पाहणे, फसवणूक पकडणे. यातले निम्म्याहून अधिक काम बँकांना आणि व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपन्यांनाही लागते. तिसरे आयुष्य ते हेच, कौशल्याचे, आणि गेम बंद झाला तरी ते संपत नव्हते.

पुढे त्यांनी केले ते काम अगदी साधे होते. कर्जाचा हप्ता मूळ पगारात बसेल असा फिरवून घेतला, त्यासाठी काही खर्च आवरावे लागले आणि घरात त्यावरून वादही झाला. आलेख फक्त कामाच्या वेळेत पाहायचा असे ठरवले; पहिले काही दिवस हात आपसूक फोनकडे जाई. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2023 पासून, 15 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना नोकरीच्या जाहिरातीत पगाराची किमान आणि कमाल मर्यादा देणे बंधनकारक आहे. अशा जाहिरातींतून त्यांनी आपल्या पदाच्या निरनिराळ्या श्रेणींतले अंतर समजून घेतले आणि आपण करतो ते काम वरच्या श्रेणीचे आहे हे दाखवणारी नोंद तयार केली. सहकाऱ्यांशी पगाराबद्दल बोलण्याआधी स्थानिक कायदा आणि करार पाहावा, असे मी सुचवले. अमेरिकेत 1935 च्या कामगार कायद्याने खासगी क्षेत्रातील बहुतेकांना तो हक्क आहे, सगळीकडे तसे नसते.

व्यवस्थापकाने मूळ पगार तातडीने वाढवायला नकार दिला. श्रेणी बदलण्याचा विचार पुढच्या फेरीत होईल, एवढे मात्र लेखी दिले. दरम्यान त्यांनी बाहेर एक मुलाखतही दिली आणि तिथे अधिक पगार देऊ केला गेला. तो त्यांनी घेतला नाही, कारण शेअर्सचा पुढचा टप्पा जवळ आला होता आणि हे काम त्यांना मनापासून आवडते. हे दुसरे कारण त्यांनी थोडे संकोचून सांगितले. आवडीखातर काही पैसे सोडणे मला गैर वाटत नाही. किती सोडतो आहोत याचा आकडा माणसाला माहीत असावा, इतकेच मी म्हणाले.

हेच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. गेममधील चुका शोधणारे टेस्टर बऱ्याचदा मुदतीच्या करारावर असतात, त्यांना शेअर्स नसतात आणि त्यांचे कौशल्य बाहेर विकणे सर्व्हरवाल्यांइतके सोपे नसते. त्यांनी गेमच्या आकड्याआधी कराराची मुदत, नूतनीकरणाची अट आणि कायम होण्याची शक्यता विचारावी. एकेकट्याच्या बोलण्याने जे होत नाही ते इथे संघटित मागणीने झालेले दिसते: मे 2022 मध्ये रेव्हन सॉफ्टवेअरच्या टेस्टरांनी मतदान करून युनियन स्थापली, आणि त्याच्या सुमारे दीड महिना आधी मूळ कंपनी ॲक्टिव्हिजनने अमेरिकेतील सुमारे 1,100 हंगामी आणि कंत्राटी टेस्टरांना कायम करून किमान ताशी 20 डॉलर द्यायचे जाहीर केले होते. त्या घोषणेतल्या पगारवाढीतून युनियनसाठी झगडणाऱ्या रेव्हनच्या टेस्टरांना मात्र वगळण्यात आले होते, म्हणून या वाटेने जाणाऱ्याने कायद्याचा सल्ला आधी घ्यावा.