निकाल लागतो, पण अंतिम होत नाही

जग बहुध्रुवीय झाले, म्हणजे सत्तेची अनेक केंद्रे तयार झाली, की आंतरराष्ट्रीय संस्था मोडीत निघतील का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते संस्था सहसा मोडत नाहीत. त्यांचे एखादे अंग निकामी होते आणि बाकीचे कामकाज चालू राहते. जागतिक व्यापार संघटनेत हेच झाले आहे.

१९९५ पूर्वीच्या गॅट या व्यापार कराराच्या व्यवस्थेत तंट्यात हरलेला देश स्वतःविरुद्धचा निकाल अडवू शकत असे. नव्या संघटनेने ती वाट बंद केली आणि वर ७ सदस्यांचे अपील मंडळ नेमले. मात्र या नेमणुकांना सर्वांची सहमती लागते, आणि मंडळ अधिकाराबाहेर जाते असा आक्षेप घेऊन अमेरिकेने त्या रोखून धरल्या. प्रत्येक अपिलासाठी ३ सदस्य आवश्यक असताना डिसेंबर २०१९ मध्ये दोघांची मुदत संपली (त्यांतले एक, उजल सिंग भाटिया, भारतीय होते) आणि एकच सदस्य उरला. तेव्हापासून हरलेला देश अपील दाखल करतो, ते ऐकायला कोणी नसते आणि निकाल लटकून राहतो.

याचा लाभ भारतानेही घेतला आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारींवर डिसेंबर २०२१ मध्ये पॅनेलने, म्हणजे संघटनेच्या पहिल्या पायरीवरील निवाडा समितीने, भारताच्या साखर अनुदानांविरुद्ध निकाल दिला. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दरही त्यात आला. भारताने अपील केले आणि विषय तिथेच थांबला. महाराष्ट्रातील ऊस उत्पादकाला यातून दिलासा मिळाला हे खरे, पण याच वाटेने अमेरिकेने पोलाद आणि ॲल्युमिनियमवरील शुल्काविरुद्धचे निकाल लटकवले, हेही तितकेच खरे.

दुसरीकडे युरोपीय संघ, चीन, ब्राझील, कॅनडा आदी सदस्यांनी २०२० मध्ये आपसांतील अपिलांसाठी लवादाची अंतरिम व्यवस्था उभी केली. पुढे जपान आणि ब्रिटनही तिच्यात आले. एरवी परस्परांवर संशय घेणारे चीन आणि युरोप तिथे एकमेकांविरुद्धचा निवाडा मान्य करण्यास बांधील आहेत. यापुढचे सहकार्य बहुधा असेच, ज्यांची तयारी आहे त्यांच्यापुरते असेल. बाहेर राहिलेल्यांना मात्र ते बांधत नाही.

भारत या व्यवस्थेत नाही. त्याने यावे असे मला मनापासून वाटते, पण त्याची अडचण खोटी नाही: शेतमालाच्या आधारभावातील अनुदान आजही १९८६-८८ च्या संदर्भ किमतींशी तुलना करून मोजले जाते, त्यामुळे ते फुगलेले दिसते आणि लवादात भारत हरण्याची भीती राहते. ही मोजणी बदलण्याचा आग्रह आणि लवादात प्रवेश, या दोन्ही मागण्या भारताने एकत्रच मांडायला हव्यात.