कपाशीचा शेंडा पिवळा पडला म्हणून अमिनोची बाटली मारू नका

चोपडा, अमळनेर आणि शिरपूर भागातील शेतकरी बांधव सध्या एकच प्रश्न विचारत आहेत. निंदणीला मजूर मिळाले नाहीत म्हणून कपाशीत तणनाशक फवारले, आठवडाभरात शेंडे पिवळे पडले आणि आता दुकानदार अमिनो ॲसिडचे, म्हणजे ज्यांपासून प्रथिने बनतात त्या अमिनो आम्लांचे, टॉनिक दुप्पट प्रमाणात मारायला सांगतो, तर ते मारावे का? मारू नये.

आधी झाड नीट पाहावे. खालची जुनी पाने पिवळी आणि वरची हिरवी असतील, तर नत्र कमी पडले आहे, कारण झाड जुन्या पानांतील नत्र काढून शेंड्याकडे नेते. शेंड्याच्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर चुनखडीयुक्त जमिनीत नेहमी दिसणारी लोहाची कमतरता असू शकते. मात्र फवारणीनंतर काही दिवसांत केवळ शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडून आखडली आणि खालची पाने गर्द हिरवी राहिली, तर तो तणनाशकाचाच परिणाम समजावा.

कपाशीत वापरले जाणारे पायरिथिओबॅक सोडियम हे तणनाशक ॲसिटोलॅक्टेट सिंथेज या विकराला, म्हणजे एन्झाइमला, बंद पाडते. व्हॅलिन, ल्युसिन आणि आयसोल्युसिन ही तीन अमिनो आम्ले तयार होताना तिन्हींना लागणारी सामाईक पायरी याच विकरामुळे पार पडते. ती थांबली की नवीन पेशींना प्रथिने मिळत नाहीत, म्हणून जिथे वाढ चालू असते तो शेंडा आधी उपाशी राहतो. कपाशी हे औषध स्वतःच्या अंगात मोडून टाकू शकते आणि तण ते करू शकत नाही, म्हणून शिफारशीच्या मात्रेत फवारलेली कपाशी साधारण दोन आठवड्यांत सावरते. मात्रा वाढवली की झाडाची ही ताकद अपुरी पडते. दहा टक्के तीव्रतेचे पायरिथिओबॅक एकरी 250 ते 300 मिली, सुमारे 200 लिटर पाण्यातून, तण दोन ते चार पानांवर असतानाच फवारावे. तण मोठे झाले म्हणून औषध वाढवू नये, दुकानदाराने सांगितले तरी वाढवू नये, आणि त्याच पंपात कीटकनाशक किंवा टॉनिक मुळीच मिसळू नये.

झाडाला अमिनो आम्ले बनवता येत नसतील तर ती बाहेरून द्यावीत, असे दुकानदार सांगतात. ऐकायला ते पटते, पण हिशेब करून पाहावा. 20 टक्के अमिनो आम्ले असलेल्या 250 मिलीच्या बाटलीत ती 50 ग्रॅम भरतात. त्यांत नत्र सरासरी 16 टक्के धरले तर ते 8 ग्रॅम होते, आणि एवढे नत्र सतरा-अठरा ग्रॅम युरियात मिळते. एकरभर कपाशीला त्याने काय होणार? शिवाय झाड अमिनो आम्ले मोजूनमापून बनवते. एखादे आम्ल पुरेसे साठले की तेच आपल्या विकराला रोखते, टाकी भरली की चावी बंद व्हावी तसे. एकटे व्हॅलिन जास्त दिल्यास कोवळ्या रोपांची वाढ खुंटते, कारण तेवढ्याने वरील विकर मंदावते आणि उरलेली दोन आम्ले कमी पडतात. त्यामुळे जास्त मारले म्हणजे जास्त फायदा, हे गणित येथे चुकते. दुप्पट मात्रा मारू नका, हे पुन्हा सांगतो.

करायचे ते एवढेच. शेतात पाणी साचले असेल तर चर काढून द्यावे, वाफसा येताच कोळपणी करावी आणि मुळांना हवा मिळू द्यावी. त्यानंतर नवीन फूट हिरवी निघू लागल्यावर 2 टक्के युरियाची, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम, एक फवारणी सकाळी किंवा सायंकाळी करावी. शेंडा पिवळा असतानाच युरियाचे पोते ओतू नये, कारण मुळांनी घेतलेल्या नत्राची प्रथिने बनत नाहीत, ते कोवळ्या पानांत तसेच साठते आणि तुडतुडे, मावा यांना आयते खाद्य मिळते. नत्र हप्त्यांनीच द्यावे, यावर माझा कायम भर राहिला आहे. जिरायत कपाशीला लागवडीच्या वेळी, 30 आणि 60 दिवसांनी मातीआड करून द्यावे, आणि पूर्वहंगामी कपाशीला ठिबकमधून थोडे थोडे सोडावे. ठिबकसाठी महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज करावा. अल्प व अत्यल्प भूधारकांना 80 आणि इतरांना 75 टक्के अनुदान आहे.

रावेर-यावल भागातील काही केळी उत्पादकांनी थंडीत वाढ थांबल्यावर अमिनो द्यावे का, असेही विचारले आहे. थंडीने विकरांचे कामच मंदावते, बाटलीने ते वेगात येत नाही. पहाटे पाणी द्यावे, वाऱ्याच्या बाजूने शेवरीचे कुंपण राखावे आणि ऊन वाढेपर्यंत थांबावे.

टॉनिक घेतलेच असेल तर अशी टॉनिके, म्हणजे जैव उत्तेजके, 2021 पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, हे लक्षात ठेवून बाटलीवरील घटक आणि त्यांचे प्रमाण वाचावे व पक्के बिल घ्यावे. शिफारशीच्या मात्रेत तणनाशक फवारूनही पंधरा दिवसांत नवीन फूट हिरवी आली नाही, तर औषधाची रिकामी बाटली आणि बॅच क्रमांक असलेले बिल जपून ठेवून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी; पीक मोडण्याआधीच द्यावी, कारण पाहणीसाठी शेतात झाडे उभी असावी लागतात.