आक्राला निघालेल्या मुलीस

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. घानाच्या राजधानीत, आक्रात, रेडिओचा काटा जरा सरकवला की नवं केंद्र लागतं, म्हणजे तिथली पत्रकारिता जोरात असणार, असं तू लिहिलंस. ते अर्धंच खरं आहे.

माध्यमांना स्वातंत्र्य देणारी घानाची राज्यघटना १९९२ची, पण खासगी एफएम सुरू व्हायला १९९५ उजाडलं. २०००च्या निवडणुकीत मतदान केंद्रांवरची गडबड लोक फोनवरून कळवायचे आणि रेडिओवाले ती तिथल्या तिथे ऐकवायचे. सत्ता शांतपणे बदलली, त्यात या केंद्रांचा मोठा वाटा होता. त्या रेडिओबद्दल मला आजही फार आदर वाटतो.

पण रोजचे तास भरायचे कसे? सकाळी वर्तमानपत्रं वाचून दाखवायची, मग दोन पक्षांची माणसं समोरासमोर बसवायची. याहून स्वस्त कार्यक्रम नाही. भांडण रंगतं, पण रस्त्याच्या कंत्राटाचे पैसे कुठे मुरले हे कुणी शोधत नाही. त्यासाठी एक बातमीदार दोन-तीन महिने मोकळा ठेवावा लागतो, आणि तेवढा खर्च मालकाला नको असतो. कित्येकदा मालक स्वतःच राजकारणात असतो.

पत्रकार परिषद संपली की पैशांचं पाकीट पुढे येईल. त्याला तिथे ‘सोली’ म्हणतात. घेणाऱ्याला लगेच वाईट ठरवू नकोस. पगार इतका तुटपुंजा असतो की घरी जायचं भाडंही त्यातूनच निघतं. तू मात्र घेऊ नकोस. तुझं भाडं घरून येतं, हे मनात ठेवून नम्रपणे नाही म्हण.

अनास अरेमेयाव अनास हे नाव तुला ठाऊक आहेच. चेहऱ्यावर मण्यांचा पडदा घेऊन वावरणारा हा पत्रकार. २०१५ मध्ये त्याने तीसहून अधिक न्यायाधीश आणि दंडाधिकारी लाच घेताना छुप्या कॅमेऱ्यात पकडले. त्याचं धैर्य मोठं आहे, पण स्वतःच लाच पुढे करण्याची त्याची पद्धत मला पटत नाही. मी कागदपत्रांतून पुरावा शोधणारा माणूस.

त्याचा सहकारी अहमद हुसेन-सुआले. २०१८ मध्ये एका खासदाराने स्वतःच्याच टीव्ही वाहिनीवर अहमदचा फोटो दाखवला आणि हा दिसला तर चोपा, पैसे मी देतो, अशा अर्थाचं बोलला. १६ जानेवारी २०१९ला आक्राच्या मदिना भागात मोटरसायकलवरून आलेल्यांनी अहमदला गोळ्या घातल्या. त्या खासदाराने खुनाशी संबंध नाकारला. पण तो फोटो प्रसारित होत असताना स्टुडिओत बटणं दाबणारी माणसं होती, निवेदक होता. कुणीतरी कॅमेरा बंद करायला हवा होता. हा प्रसंग माझ्या मनातून जात नाही. तू अशा खोलीत असलीस तर ऊठ.

ट्वी ही तिथली भाषा शिकायला लाग. पीस एफएम या रेडिओ केंद्राने १९९९ पासून याच भाषेत लोकांपर्यंत पोचून दाखवलं, आणि इंग्रजीत न बोलणारी माणसं तुला तिथेच ऐकू येतील. माहितीचा अधिकार घानात २०१९ मध्ये आला. इथे तू अर्ज आणि अपिलं लिहीत होतीस, ते तिथे कामी येईल.

पहिला विषय मी सुचवतो. बेकायदा सोनेखाणींनी, ‘गलामसे’ने, प्रा नदी गढूळ झाली आहे. काठावर जा. माती उपसणारी यंत्रं कुणाच्या नावावर आहेत, ती कोणत्या वाटेने आली, एवढंच आधी शोध. टिपणं दोन ठिकाणी ठेव, आणि कुणाचं नाव माझ्या पत्रातही लिहू नकोस.

तुझा,
सर