दीव बेटावर समुद्रकिनारे आणि जलक्रीडा सोडल्यास पाहण्यासारखे काही आहे का? एक दिवस पुरेल का?

एक दिवस मुळीच पुरत नाही. नागोआच्या किनाऱ्यावर पॅरासेलिंग जरूर करा. मात्र केवळ तेवढ्यासाठी जायचे असेल, तर इतका लांबचा प्रवास करू नका, असे मी स्पष्ट सांगेन.

आम्ही सहकुटुंब गेलो तेव्हा सहलीची सूत्रे माझ्या थोरल्या मेहुण्यांकडे होती आणि त्यांनी सारा वेळ नागोआसाठीच राखून ठेवला होता. माझे वडील नौदलातून निवृत्त झालेले. ‘खुकरी’ या भारतीय युद्धनौकेवरील काही जण त्यांच्या ओळखीचे होते, त्यामुळे चक्रतीर्थ किनाऱ्याजवळचे तिचे स्मारक पाहिल्याशिवाय परतायचे नाही, असे त्यांनी निघतानाच सांगितले होते. ९ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी पाणबुडीने ही युद्धनौका दीवजवळच्या समुद्रात बुडवली, तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना वीरमरण आले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. “बाबा, काचेतली छोटी बोट पाहण्यात अर्धा दिवस कशाला घालवायचा?” असे मेहुणे म्हणाले. वडिलांनी जावयाला उलट उत्तर दिले नाही, पण मला ते शब्द फार लागले. आम्ही दोघे रिक्षाने गेलो. ‘खुकरी’च्या त्या काचेतल्या प्रतिकृतीसमोर उभे राहून त्यांनी आपल्या सोबत्यांविषयी जे सांगितले, ते घरी कधीच बोलले नव्हते.

तेथून ते मला किल्ल्यावर घेऊन गेले. १५०९ च्या आरमारी लढाईनंतरही पोर्तुगिजांना येथे पाय रोवायला बरीच वर्षे लागली, १५३५ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने परवानगी दिल्यावर किल्ला उभा राहिला आणि १५३८ व १५४६ चे वेढे त्याने सोसले, हे पुस्तकांत मिळते. पण खंबायतच्या आखाताकडे जाणाऱ्या जहाजांवर येथून वचक कसा बसत असे, हे तटावरून समुद्राकडे पाहतानाच कळते. त्याला ‘पडक्या भिंती’ म्हणणे हे अज्ञान आहे, आणि मेहुण्यांना मी ते तोंडावर सांगितले आहे. तेव्हा कार्यक्रम कोणीही आखो, स्मारक आणि किल्ला त्यात आधी लिहून घ्या व पोहणे उरलेल्या वेळेत बसवा.

नायडा गुंफांसाठी सकाळ ठेवा. घोघलाचा किनाराही सुंदर आहे, मात्र तो बेटावर नसून पुलापलीकडे आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पाण्यात उतरू नका.